एका निजप्रार्थनेची कर्त्री : लुईझे हेन्सेल

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचे आद्य धर्मगुरु, देवळाच्या बांधकामास हातभार लावणारे दाते आणि वेळोवेळी कारभार पाहिलेले वडीलधारी गृहस्थ यांची नावे या स्मरणिकेत आदराने नमूद होत आहेत, आणि ते सर्वथा योग्य आहे. तथापि कोणत्याही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या पाहिल्या असता एक उणीव ध्यानात येते. दगड कोणी आणिले, घंटा कोणी दिली, वेदी कोणी बांधिली, हे त्यांत सापडते. पण पिढ्यान् पिढ्यांच्या लेकरांना क्रूसाची खूण करावयास कोणी शिकविले, निजण्यापूर्वी हात जोडावयास कोणी लाविले, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. देऊळ ज्या दगडांवर उभे असते त्यांहून धर्मग्राम ज्या पायावर उभा असतो तो अधिक खोल असतो, आणि खोल असल्यामुळेच तो दिसत नाही.

यास्तव आम्ही या प्रसंगी वाचकांपुढे अशा एका स्त्रीचे चरित्र ठेवू इच्छितो, जिचे गीत एका संपूर्ण राष्ट्राच्या मुलाबाळांच्या ओठी बसले, परंतु जिचे नाव त्या ओठांवर क्वचितच आले. तिचा देश जर्मनी, तिचे नाव लुईझे हेन्सेल. ती राणी नव्हती, मठाधिकारिणी नव्हती, आणि ख्रिस्तसभेने तिला संतपदासही चढविलेले नाही. ती गीते रचणारी एक शिक्षिका होती, एवढेच. पण त्या एवढ्यातूनच देवाने काय घडविले, हे पाहण्याजोगे आहे.

लुईझेचा जन्म ३० मार्च १७९८ रोजी बर्लिनच्या वायव्येस असलेल्या लिनुम या खेड्यात झाला. तिचे वडील तेथे लूथरपंथी पाळक होते. घर साधे, भाविक आणि शिस्तीचे होते. १८०९ साली, लुईझे अवघी अकरा वर्षांची असताना, वडिलांनी इहलोकीची यात्रा संपविली आणि आई मुलांना घेऊन बर्लिन शहरी राहावयास गेली. तो काळ प्रशिया देशास मोठा कठीण गेला. नेपोलियनच्या सैन्याने १८०६ साली राजधानी घेतली होती. पुढे १८१३ साली त्याच्याविरुद्ध मोठे युद्ध पेटले, आणि त्यात लुईझेचा थोरला भाऊ विल्हेल्म हाही सैनिक म्हणून गेला. हा विल्हेल्म पुढे नामांकित चित्रकार झाला आणि १८२९ साली त्याचा विवाह फॅनी मेंडेल्सझोन या विख्यात संगीतकर्त्रीशी झाला. अशा रीतीने चित्र, काव्य आणि संगीत या तिन्ही कलांचा वास या कुटुंबात होता.

युद्ध संपल्यावर बर्लिनच्या सुशिक्षित घरांतून तरुण मंडळी जमू लागली. श्टेगेमान नावाच्या एका थोर सरकारी अधिकाऱ्याच्या घरी १८१६ च्या सुमारास अशीच एक मंडळी जमत असे. एका पिठाच्या गिरणीवरील सुंदर मुलगी आणि तिचे प्रेमयाचक, असा एक गीतखेळ त्यांनी आपसात रचिला. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यावे आणि आपली गीते आपणच लिहावी, असा त्यांचा संकेत होता. घरची मुलगी हेडविग ही गिरणीवरील कन्या, विल्हेल्म हेन्सेल हा शिकारी, विल्हेल्म म्युलर नावाचा तरुण कवी हा गिरणीवाला, आणि लुईझेकडे बागवानाचे पात्र होते. लुडविग बेर्गर या संगीतकाराने त्यांतील काही गीतांना चाली लाविल्या. म्युलरने पुढे याच बीजातून आपली सुप्रसिद्ध गीतमाला तयार केली आणि १८२३ साली फ्रान्झ शूबर्टने तिला संगीत देऊन ती अजरामर केली. आमच्या वाचकांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विल्हेल्म म्युलर म्हणजे ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या, आणि आपल्या पंडितांनी ज्यास मोक्षमुल्लर असे नाव दिले त्या, माक्स म्युलरचा पिता होय.

हा म्युलर लुईझेवर मनापासून अनुरक्त होता. बेर्गरचीही तिच्यावर प्रीती जडली. पुढे प्रशियाच्या राजकारणात गाजलेला लुडविग फॉन गेर्लाख यानेही तिची अभिलाषा धरिली. अठरा वर्षांच्या मुलीला याहून अधिक मान जगाने काय द्यावयाचा? रूप, बुद्धी, काव्यशक्ती, मोठ्यांच्या घरी वावर, सर्व काही तिच्या पदरी होते. परंतु तिचे मन या सर्वांत रमत नव्हते. ज्या वर्षी बर्लिनच्या दिवाणखान्यात तो प्रेमाचा गीतखेळ चालला होता, त्याच १८१६ साली तिने लेकरांच्या निजण्याच्या वेळेसाठी एक लहानसे प्रार्थनागीत लिहिले. ते अवघ्या चार कडव्यांचे असून त्याची भाषा इतकी सोपी आहे की, चार वर्षांच्या मुलालाही ती कळावी. थकलेले लेकरू अंथरुणावर पडताना स्वर्गातील पित्यास हाक मारते, दिवसभरात चुकले असेल त्याची क्षमा मागते, आपल्या माणसांना त्याच्या हाती सोपविते, आणि दुःखी व आजारी यांची आठवण करून डोळे मिटते. एवढाच त्या गीताचा विषय. पण धर्मशिक्षणाचे कोणतेही पुस्तक उघडून पाहा. देवावर भरवसा, पापाचा पश्चात्ताप, आप्तांवर प्रेम आणि दीनांविषयी कळवळा, याहून अधिक असे त्यात मुलांसाठी काय असते?

त्याच वर्षाच्या शरद् ऋतूत क्लेमेन्स ब्रेंटानो याची आणि तिची गाठ पडली. ब्रेंटानो हा जर्मनीतील त्या काळचा अग्रगण्य कवी. आखिम फॉन आर्निम याच्या साहाय्याने त्याने लोकगीतांचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला होता, त्यामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते. त्याचा बाप्तिस्मा कॅथॉलिक ख्रिस्तसभेत झालेला, परंतु धर्माचरण केव्हाच सुटलेले होते. पहिली पत्नी मरण पावलेली, दुसरा विवाह मोडलेला, वय अडतीस वर्षांचे, आणि चित्ताला स्वस्थता नाही, अशा स्थितीत तो लुईझेला भेटला. तिची धर्मपर गीते वाचून तो हेलावून गेला, आणि त्याने तिला मागणी घातली. तिने नकार दिला; आणि तो आपली अंतःकरणाची दुःखे तिच्यापुढे ओतू लागला, तेव्हा तिने त्याला विचारिले की, तुमच्या ख्रिस्तसभेत पापनिवेदनाची सोय असताना ही दुःखे तुम्ही एका लहान मुलीपुढे का मांडता, ती आपल्या धर्मगुरूपाशी का नेत नाही? वाचकहो, हे सांगणारी मुलगी कॅथॉलिक नव्हती, लूथरपंथी पाळकाची कन्या होती. ज्या ठेव्याचा वारसदार त्यास विसरला होता, तो ठेवा बाहेरून पाहणाऱ्या या मुलीने ओळखिला होता. ब्रेंटानोने तिचे ऐकिले. फेब्रुवारी १८१७ मध्ये त्याने बर्लिन येथे आपल्या सर्व आयुष्याचे पापनिवेदन केले आणि तो ख्रिस्तसभेत परतला.

दुसऱ्यास वाट दाखविणाऱ्या लुईझेची स्वतःची वाट मात्र अजून ठरावयाची होती. ती कोणाच्या आग्रहाने कॅथॉलिक झाली असे समजणे चुकीचे होईल. ब्रेंटानो भेटण्यापूर्वीच तिच्या मनात विचार सुरू झाले होते, आणि त्याच्या परतण्यानंतरही ती जवळजवळ दोन वर्षे प्रार्थना व विचार करीत थांबली. बर्लिन हे प्रॉटेस्टंट राजाचे नगर. तेथे कॅथॉलिक लोक थोडे, आणि फ्रेडरिक राजाच्या अनुमतीने बांधिलेले व १७७३ साली अभिषिक्त झालेले संत हेडविगचे देऊळ हे त्यांचे मुख्य आश्रयस्थान. पाळकाच्या मुलीने तेथे जाणे म्हणजे स्वर्गवासी पित्याची परंपरा, आईचे मन, भावंडांचा सहवास, या सर्वांना ओलांडणे होते. डिसेंबर १८१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तिने ते पाऊल उचलिले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पंथ बदलला म्हणून लुईझेने आपल्या माणसांना टाकिले नाही, आणि त्यांनीही तिला टाकिले नाही. भाऊ विल्हेल्म लूथरपंथातच राहिला. बहिणीप्रमाणे तोही कॅथॉलिक होईल की काय, अशी धास्ती त्याच्या भावी सासूसासऱ्यांना काही काळ होती, पण ती खरी ठरली नाही. धाकटी बहीण विल्हेल्मिना हीसुद्धा प्रॉटेस्टंटच राहिली आणि तीही कविता करी. १८५८ साली बर्लिन येथे या दोघी बहिणींच्या कवितांचे एकच पुस्तक निघाले. एक कॅथॉलिक, एक प्रॉटेस्टंट, आणि पुस्तक एक! धर्माच्या नावाने भावाभावांत भिंती उभ्या राहतात, तेथे या पुस्तकाची आठवण ठेवणे हितकारक होईल. सत्याशी तडजोड न करिता प्रीती कशी राखावी, हे या दोन बहिणींनी वादविवाद न करिता दाखवून दिले.

१८१९ साली लुईझेने बर्लिन सोडिले आणि ती वेस्टफालिया प्रांतातील म्युन्स्टर येथे गेली. तेथे, आणि पुढे ड्युसेलडॉर्फ येथे, ती साल्म घराण्याच्या राजकन्यापदवीच्या एका बाईंची सोबतीण म्हणून राहिली. या बाई अमेरिकेत पेन्सिल्वेनियाच्या अरण्यात आयुष्य वेचणारे मिशनरी फादर दिमित्री गॅलित्झिन यांच्या भगिनी होत. वेस्टफालिया हा प्रांत जुन्या कॅथॉलिक श्रद्धेसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राचाही त्याच्याशी ऋणानुबंध आहे. कारण १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू करणारे आणि पुढे पुण्याचे बिशप झालेले फादर हेन्री डोरिंग हे त्याच प्रांतातील बोकोल्ट गावचे.

१८२० साली लुईझेने खाजगी रीतीने कौमार्यव्रत घेतले. त्यानंतर ती कोणाची पत्नी झाली नाही, तशीच कोणत्याही मठात दाखल होऊन तिने धर्मभगिनीचा झगाही घेतला नाही. संसार नाही आणि मठही नाही, अशी ही मधली स्थिती लोकांना नेहमीच अवघड वाटत आली आहे. विवाहितेला घर असते, संन्यासिनीला मठ असतो. या दोहोंत नसलेल्या स्त्रीला लोक विचारितात की, बाई, तुमचे ठिकाण कोणते? लुईझेला पुढील सबंध आयुष्यात स्वतःचे म्हणावे असे ठिकाण क्वचितच लाभले. काही काळ ती काउंट श्टोलबेर्ग यांच्या विधवेच्या घरी मुलींना शिकवीत होती. काही काळ विडेनब्र्युक या लहान गावी तिने आपल्या दिवंगत बहिणीचा पोरका मुलगा वाढविला. १८२५ पासून काही काळ ती आपोलोनिया डीपेनब्रोक या मैत्रिणीसह कोब्लेन्झ येथील इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करीत होती. जेथे गरज पडे तेथे जावे आणि गरज संपली की पुढे निघावे, असा तिचा क्रम झाला.

वेस्टफालियातच द्युल्मेन या गावी आना काथारिना एमेरिक ही संन्यासिनी रोगशय्येवर पडून होती. प्रभूच्या जखमांची चिन्हे तिच्या अंगावर होती, आणि तिचे मठ सरकारने बंद केल्यामुळे ती परक्या घरी राहत असे. ब्रेंटानो अनेक वर्षे तिच्या उशाशी बसून तिला दिसणाऱ्या प्रभूच्या दुःखसहनाच्या गोष्टी लिहून घेत होता. लुईझेचाही तिच्याशी निकट स्नेह जडला. ९ फेब्रुवारी १८२४ रोजी एमेरिक मरण पावली. थोड्याच आठवड्यांत अफवा उठली की, तिचे प्रेत कबरेतून चोरीस गेले. लोक नुसते कुजबुजत राहिले. लुईझेने मात्र मार्च महिन्यात रात्री कबर उघडविली आणि प्रेत जागच्या जागी, न कुजलेले आहे, याची खात्री करून घेतली. मृदू गीते लिहिणारी ही बाई प्रसंगी किती धीराची होती, हे या एका गोष्टीवरून दिसून येईल. एमेरिक हिला २००४ साली धन्यवादितपद प्राप्त झाले.

आता आम्ही तिच्या आयुष्यातील त्या कालखंडाकडे येतो, ज्याचे फळ सर्वांत मोठे ठरले. १८२७ साली आखेन या प्राचीन नगरात संत लेओनार्डच्या मुलींच्या शाळेत ती शिक्षिका झाली. येथून पुढे आम्हीही तिला शाळेतील रीतीप्रमाणे हेन्सेलबाई असेच म्हणू. बाईंनी तेथे सुमारे पाच वर्षे काढिली आणि १८३२ साली त्यांनी ती जागा सोडिली. पाच वर्षे ही कितीशी? एखाद्या धर्मग्रामाच्या इतिहासात पाच वर्षे म्हणजे एक ओळ. पण त्या पाच वर्षांत बाईंच्या समोर बाकांवर ज्या मुली बसत होत्या, त्यांत तीन मुली अशा होत्या की, ज्यांची नावे आज ख्रिस्तसभा वेदीपाशी घेते.

पहिली क्लारा फाय, जन्म १८१५. हिने १८३७ साली आखेनमधील गरीब मुलांसाठी शाळा काढिली आणि १८४४ साली बाळ येशूच्या नावे गरीब मुलांची सेवा करणारा धर्मभगिनींचा संघ स्थापिला. दुसरी पाउलीने फॉन मालिंक्रोट, जन्म १८१७. हिचे वडील प्रॉटेस्टंट सरकारी अधिकारी, आई कॅथॉलिक. हिने १८४० साली पाडरबोर्न येथे मजुरांच्या लहान मुलांसाठी दिवसाचे पाळणाघर उघडिले, १८४२ पासून अंध मुलांचा सांभाळ आरंभिला, आणि १८४९ साली ख्रिस्ती प्रीतीच्या भगिनींचा संघ स्थापिला. तिसरी फ्रान्सिस्का शेर्विअर, जन्म १८१९, आखेनमधील सुईच्या कारखानदाराची कन्या. हिने १८४५ साली चार सोबतिणींसह घर सोडून संत फ्रान्सिसच्या नियमाने गरिबांची व रोग्यांची सेवा करणारा संघ उभारिला. तिच्या भगिनी १८५८ साली अमेरिकेस गेल्या, आणि तेथील यादवी युद्धाच्या दिवसांत १८६३ साली ती स्वतः तेथे जाऊन जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस लागली. या तिघींपैकी फ्रान्सिस्का हिला १९७४ साली, पाउलीने हिला १९८५ साली आणि क्लारा हिला २०१८ साली धन्यवादितपद मिळाले.

तीन मुली, तीन संघ, तीन धन्यवादिता; आणि तिघींची शिक्षिका एकच! बाई शाळेत आल्या तेव्हा यांतील सर्वांत लहान आठ वर्षांची आणि सर्वांत मोठी बारा वर्षांची होती. या वयात मुलीचे मन ओल्या मातीसारखे असते. घरच्या श्रीमंतीत वाढलेल्या या मुलींना गरिबांचे दुःख हे आपले दुःख वाटले पाहिजे, हे वळण त्यांना ज्या वयात लागले, त्या वयात बाई त्यांच्यापुढे उभ्या होत्या. आम्ही असे म्हणत नाही की, सर्व श्रेय बाईंचेच. देवाची कृपा, घरचे संस्कार आणि त्या मुलींचे स्वतःचे मन, या सर्वांचा त्यात वाटा होता. पण ज्या बाईंनी स्वतः मठाचा झगा घेतला नाही, त्यांच्या हाताखालून तीन मठपरंपरांच्या मूळमाता निघाव्या, यात देवाची योजना दिसल्यावाचून राहत नाही. त्यांना ठिकाण नव्हते असे आम्ही वर म्हटले; खरे पाहता त्या मुलींची मने हेच त्यांचे ठिकाण होते.

पुढे बाईंना वृद्ध मातेच्या आजारपणासाठी बर्लिनला परतावे लागले. आईचे १८३५ साली निधन झाले. नंतर हायडेलबर्गजवळील नॉयबुर्ग, कोलोन, आणि १८५० नंतरची पुष्कळ वर्षे पुन्हा विडेनब्र्युक, अशी त्यांची वस्ती होत राहिली. त्यांच्या गीतांचा प्रवास मात्र त्यांच्याहूनही विलक्षण झाला. बाई गीते लिहीत त्या देवासाठी आणि जवळच्या माणसांसाठी. छापण्याची घाई त्यांना कधीच नव्हती. हस्तलिखिते हातोहात फिरत. ब्रेंटानोने त्यांतील कित्येकांच्या नकला केल्या आणि आपल्या मनाप्रमाणे शब्द बदलिले. १८२९ साली मेल्खिओर डीपेनब्रोक या धर्मगुरूंनी, जे पुढे कार्डिनल झाले, एका भक्तिपर संग्रहात बाईंची काही गीते प्रसिद्ध केली. १८४२ साली ब्रेंटानो मरण पावला, आणि त्यानंतर निघालेल्या त्याच्या समग्र लेखनात बाईंची काही गीते त्याचीच म्हणून छापली गेली. कोणते गीत कोणाचे, याची उकल करण्यात विद्वानांना पुढे पुष्कळ श्रम पडले. अखेर १८६९ साली पाडरबोर्न येथे क्रिस्टोफ बेर्नहार्ड श्ल्युटर यांनी त्यांच्या गीतांचा स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हा बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

आणि ते निजप्रार्थनेचे लहानसे गीत? त्याचे काय झाले? त्यास जी चाल प्रसिद्ध झाली ती १८४२ साली काइझर्सव्हेर्थ येथील बालशाळांसाठी निघालेल्या गीतपुस्तकातील होय. काइझर्सव्हेर्थ ही प्रॉटेस्टंट सेविकांची संस्था. तेथेच पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. अशा प्रकारे लूथरपंथी मुलीने लिहिलेले, नंतर कॅथॉलिक झालेल्या बाईंचे गीत प्रॉटेस्टंट बालशाळांतून घरोघरी पोहोचले, आणि दोन्ही पंथांच्या आयांनी ते आपापल्या लेकरांना शिकविले. इंग्लंडात फ्रान्सिस रिडली हॅवरगल या गीतकर्त्रीने ते इंग्रजीत आणिले. जर्मन प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतपुस्तकात ते ४८४ व्या क्रमांकास आहे. ज्या देशात पंथभेदाने एकेकाळी तीस वर्षे रक्त सांडले, त्या देशाची दोन्ही बाजूंची लेकरे रात्री एकाच शब्दांनी डोळे मिटू लागली. मोठमोठ्या परिषदांना जे साधले नाही, ते एका अठरा वर्षांच्या मुलीच्या चार कडव्यांना निजण्याच्या वेळेपुरते तरी साधले.

बाईंचे अखेरचे दिवस ख्रिस्तसभेच्या छळाचे होते. १८७१ नंतर बिस्मार्कच्या सरकारने कॅथॉलिक ख्रिस्तसभेविरुद्ध एकामागून एक कायदे केले. १८७२ साली धर्मभगिनींना सरकारी शाळांतून शिकविण्यास बंदी झाली, आणि १८७५ च्या कायद्याने रोग्यांची शुश्रूषा करणारे संघ वगळता इतर संघांना प्रशियातून निघावे लागले. पाउलीने हिच्या भगिनींच्या शाळा बंद पडल्या आणि तिला मुख्य मठ बेल्जम देशात हलवावा लागला. क्लारा आपल्या भगिनींसह हॉलंडमधील सिंपलफेल्ड येथे गेली. विद्यार्थिनींनी आयुष्यभर उभारिलेले कार्य मोडताना वृद्ध शिक्षिकेने पाहिले. आपण पेरिले ते व्यर्थ गेले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. परंतु ज्या कायद्यांनी त्यांना हाकलिले, त्यांनीच त्यांना जगभर पेरिले. पाउलीनेच्या भगिनी १८७३ साली उत्तर अमेरिकेत आणि १८७४ साली चिली देशात पोहोचल्या होत्या. वादळाने फूल मोडते, पण बी दूर जाते.

बाईंनी शेवटची वर्षे पाडरबोर्न येथे धर्मभगिनींच्या आश्रयाने काढिली. १४ डिसेंबर १८७६ रोजी त्यांची विद्यार्थिनी फ्रान्सिस्का शेर्विअर आखेन येथे मरण पावली. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ डिसेंबर रोजी, नाताळास आठवडा उरला असताना, हेन्सेलबाईंनीही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी देह ठेविला. पाडरबोर्न येथील पूर्वेकडील दफनभूमीत त्यांची कबर आहे.

असे हे चरित्र. यात चमत्कार नाहीत, हौतात्म्य नाही, मोठ्या इमारती नाहीत. आयुष्य फिरतीचे गेले, कविता दुसऱ्याच्या नावावर छापल्या गेल्या, विद्यार्थिनींचे मठ डोळ्यांदेखत बंद पडले. जगाच्या हिशेबात हे आयुष्य तोट्याचे ठरेल. पण देवाची वही निराळी असते. एक भरकटलेला कवी पापनिवेदनास परतला, तीन धन्यवादितांना बाळपणी वळण लागले, आणि अगणित लेकरे देवाचे नाव घेऊन निजली. ही त्या वहीतील जमा होय.

आमच्याही धर्मग्रामात अशा बाया झाल्या आहेत आणि आजही आहेत. कोणी अविवाहित राहून भावंडांची पोरे वाढविली, कोणी रविवारी मिस्सानंतर मुलांना जमवून धर्मशिक्षण दिले, कोणी गायनवृंदात मागल्या रांगेत उभे राहून चाळीस वर्षे सूर धरिला, कोणी सुनेच्या पोरांना मांडीवर घेऊन रोझरी शिकविली. त्यांची नावे या स्मरणिकेत सर्वच्या सर्व येणे शक्य नाही. काहींना वाटतही असेल की, आपल्या हातून कार्य म्हणावे असे काहीच झाले नाही. त्यांनी हेन्सेलबाईंचे चरित्र वाचावे, असे आम्हास मनापासून वाटते.

आणि घरोघरच्या आईबापांना आमची एक विनंती आहे. ज्युबिलीचा सोहळा चार दिवसांत संपेल, तोरणे उतरतील, दिवे काढले जातील. पण रात्री लेकरू निजावयास जाईल तेव्हा त्याचे हात जोडून घेण्यास दोन मिनिटे काढा. थकलेले असाल तरी काढा. त्या दोन मिनिटांतून देव काय घडवील, हे आज आपणांस सांगता येणार नाही. हेन्सेलबाईंनाही ते गीत लिहिताना ठाऊक नव्हते.